दाढ राहिली, म्हणजे बरी झाली का?

वाचकहो, आपल्या जिल्ह्यात दुखणे थांबले की "राहिले" असे म्हणतात. पोट राहिले, डोके राहिले, तशी दाढही राहते. माझ्या दवाखान्यात हा शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकतो, आणि दरवेळी मला मंठा तालुक्यातील एका शेतकऱ्याची आठवण होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. चाळिशीतले हे गृहस्थ उजवा गाल धरून आले. खालची शेवटून दुसरी दाढ किडून नुसते टरफल उरले होते. जबड्याच्या कडेला सूज होती. मी म्हणालो, "ही दाढ आजच काढू." ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दाढ तं कवाच राहिली. आता गालफड तेवढं सुजलंय. गोळ्या लिहून द्या, कापूस घरात आला की येतो काढायला." दवाखान्यात गर्दी होती. मी गोळ्या लिहून दिल्या.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला त्यांना दोघांनी धरून आणले. तोंड एक बोट जाईल इतकेच उघडत होते. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना फळीसारखी कडक सूज आली होती. जीभ वर टाळूला टेकली होती, लाळ गिळता येत नव्हती, खांद्यावरचा पंचा ओला झाला होता. आडवे केले की जीव घाबरा होई, म्हणून पुढे वाकून बसले होते. बोटातून रक्त काढून साखर पाहिली तर तीनशेच्या पुढे. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळले.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्यांना रातोरात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी आधी श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली, मग जबड्याखाली चीर देऊन पू काढला आणि ती दाढ काढली. सतरा दिवसांनी ते घरी आले. वाचले. पण सुजलेल्या रुग्णाला मी नुसत्या गोळ्यांवर घरी पाठवले ही माझी एक चूक, आणि साखर तपासली नाही ही दुसरी. या चुका मी विसरलेलो नाही, म्हणूनच आजचा हा लेख.

दुखणे दोनदा थांबते, आणि दोन्ही वेळा फसवते

दाताचा बाहेरचा पांढरा थर शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचा असतो. त्याच्या आत थोडा मऊ थर आणि त्याच्याही आत एक बारीक पोकळी असते. या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. त्यालाच आपण दाताची नस म्हणतो. गोड, चिकट अन्न दाताला चिकटून राहिले की तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात, आणि या आम्लाने दात झिजत झिजत भोक पडते. हीच कीड. दातात वळवळणारा किडा नसतो. बाजारात बियांची धुरी देऊन "किडा काढून" दाखवणारे लोक अजूनही भेटतात. ते जे पांढरे काही दाखवतात ते धुरीच्या बियांतलेच असते, दातातले नव्हे.

कीड नसेपर्यंत पोचली की नस सुजते. शरीरात इतरत्र सूज आली तर कातडी ताणून जागा होते. दाताच्या कठीण डबीत सूज जाणार कुठे? म्हणून ती कळ असह्य असते. रात्री आडवे झाले की रक्ताचा दाब वाढून ठणका अधिक लागतो. चारसहा दिवसांनी नस मरून जाते आणि दुखणे एकदम थांबते. रुग्ण म्हणतो, दाढ राहिली. हे पहिले फसणे. नस मेली, जंतू मेलेले नाहीत.

आता जंतू मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जबड्याच्या हाडात उतरतात. तिथे पू साठू लागतो. दात उंच झाल्यासारखा वाटतो, घास चावला की कळ येते. हाडही कठीणच, म्हणून पुन्हा ठणका. पुढे पू हाड पोखरून बाहेर मांसात येतो. कोंडलेला दाब सुटतो, दुखणे पुन्हा हलके होते, आणि सूज मात्र डोळ्यांना दिसू लागते. हे दुसरे फसणे. रुग्णाला वाटते उतार पडतो आहे. प्रत्यक्षात रोग हाडाच्या कुंपणाबाहेर पडलेला असतो.

कधी हिरडीवर छोटी पुळी येते, फुटते, पुन्हा भरते. कधी गालावर किंवा हनुवटीवर बारीक भोक पडून त्यातून महिनोन्‌महिने पाणी येते. लोक मलमे लावून थकतात. अशा भोकाचे मूळ पुष्कळदा आतल्या एखाद्या मेलेल्या दातात असते. दात काढला किंवा नीट भरला की ते आपोआप बुजते.

किडीप्रमाणेच आणखी दोन वाटांनी जंतू आत शिरतात. दातांवर साचलेल्या किटणामुळे हिरडी सुटते आणि दात व हिरडीच्या मधल्या खाचेत पू होतो. दुसरी वाट अक्कलदाढेची. साधारण सतरा ते पंचवीस या वयात ती येते. जागा अपुरी असली की अर्धवट बाहेर येऊन अडते. तिच्यावरच्या हिरडीच्या झापेखाली अन्न अडकते आणि तरुण मुलाचे तोंड उघडेनासे होते.

पू कुठे जातो?

पाणी जसे कच्च्या बांधाकडे धावते, तसा पू जिथे हाड पातळ तिथून बाहेर पडतो. नंतर तो मांसाच्या थरांमधील मोकळ्या जागांतून पसरतो. म्हणून कोणता दात दुखतो आहे याला महत्त्व आहे.

जिभेखाली स्नायूंचा एक पडदा झोळीसारखा ताणलेला असतो. खालच्या पुढच्या दातांची मुळे या पडद्याच्या वर संपतात, त्यामुळे त्यांचा पू सहसा तोंडातच येतो. खालच्या मागच्या दाढांची मुळे मात्र पडद्याच्या खाली पोचतात. त्यांचा पू गळ्याच्या बाजूला उतरतो. दोन्ही बाजूंना आणि जिभेखालीही सूज पसरली की जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडते. मंठ्याच्या त्या शेतकऱ्याला हेच झाले होते. जर्मनीतील डॉ. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला लुडविग अँजायना म्हणतात. अँजायना या लॅटिन शब्दामागे गळा आवळण्याचा अर्थ आहे. हृदयाच्या अँजायनाशी याचा संबंध नाही. प्रतिजैविके येण्यापूर्वी या आजाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज वेळेवर रुग्णालयात पोचलेले बहुतेक वाचतात. वेळेवर हा शब्द मात्र विसरू नका. इथे हिशेब तासांचा असतो.

वरच्या सुळ्याचा पू नाकाच्या बाजूने डोळ्याखाली चढतो. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीला, म्हणजे सायनसला, लागून असतात. त्यामुळे एकाच नाकपुडीतून सतत घाण वासाचा स्राव येत असेल तर वरची दाढही तपासावी. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातील शिरा डोळ्याच्या मागून मेंदूलगतच्या शिरांना जोडलेल्या आहेत आणि त्यांतून रक्त उलटेही वाहू शकते. म्हणून या भागातील पुळी, केसतोड कधीही पिळू नये. क्वचित का होईना, पण संसर्ग मेंदूपर्यंत गेल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

आपल्याकडे एक पक्का समज आहे, की वरची दाढ काढली तर डोळे जातात. वाचकहो, डोळ्याची नस आणि दाताची नस वेगळी आहे. दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट सडलेली वरची दाढ तशीच ठेवली तर पू डोळ्याकडे जाण्याची भीती असते. समज बरोबर उलटा आहे.

गोळ्यांनी का भागत नाही?

"मेडिकलवरून पाच गोळ्या आणल्या, राहिलं" असे सांगणारे बरेच असतात. गोळी रक्तातून जाते. मेलेल्या दातात रक्तच पोचत नाही, मग औषध कसे पोचणार? साठलेल्या पुवातही ते नीट शिरत नाही. गोळ्यांनी भोवतालची सूज उतरते, घर मात्र जंतूंकडेच राहते. काही दिवसांनी ते पुन्हा बाहेर पडतात. अर्धवट आणि वारंवार घेतलेल्या प्रतिजैविकांनी काही जंतू त्या औषधाला सरावतात, आणि पुढच्या वेळी तीच गोळी निकामी ठरते.

म्हणून उपचाराचे सूत्र साधे आहे. पू बाहेर काढणे आणि मूळ कारण दूर करणे. दात वाचण्यासारखा असेल तर रूट कॅनाल करावे, म्हणजे आतली मेलेली नस काढून पोकळी स्वच्छ करून भरावी. वाचण्यासारखा नसेल तर काढावा. प्रतिजैविके याला जोड म्हणून आहेत. ताप, पसरणारी सूज, मधुमेहासारखा आजार असेल तर ती लागतात. नुसत्या दातदुखीला बहुधा लागत नाहीत. दिलीच, तर सांगितलेल्या वेळी आणि सांगितले तितके दिवस घ्यावीत. मेट्रोनिडाझोल दिले असेल तर दारू अजिबात चालत नाही. सूज पसरलेली असेल तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषध, सलाइन आणि गरज पडल्यास बाहेरून चीर द्यावी लागते.

"सूज असताना दाढ काढू नये" हाही एक समज. सुजेत बधिर करण्याचे इंजेक्शन कधी कमी लागू पडते हे खरे. पण पुष्कळ वेळा दाढ लवकर काढल्यानेच सूज लवकर उतरते. तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांवर सोपवा, शेजाऱ्यांवर नको.

घरी काय करावे, काय करू नये

कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. पातळ अन्न आणि भरपूर पाणी घ्यावे. तापाला, दुखण्याला पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालते. हे सारे दवाखान्यात पोचेपर्यंतचे उपाय आहेत.

बाहेरून विटेचा किंवा तव्याचा गरम शेक देऊ नये. गालाची कातडी भाजते आणि पू तिकडेच ओढला जाऊन बाहेर फुटण्याचा संभव असतो. दातात अॅस्पिरिनची गोळी, तंबाखू, चुना भरू नये, हिरडी जळते. लवंगाच्या तेलाने घटकाभर बधिर वाटते, पण ते ओतू नये. सुई-ब्लेडने गळू फोडू नये. वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नयेत. पोटाला, मूत्रपिंडाला त्या बाधतात आणि रोग आतल्या आत पसरतो.

तीन बोटांची परीक्षा

आरशाची गरज नाही. स्वतःची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकत्र करून उभी धरा. निरोगी माणसाच्या समोरच्या दातांमध्ये ही तीन बोटे मावतात. दुखण्याबरोबर दोनच मावू लागली तर त्याच दिवशी दाखवा. एकच मावत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू, न दुखता, महिन्यावर्षांत आवळत जाते. तो वेगळा आजार आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तोही दाखवायलाच हवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडे तपासताना ती मला जाणवत नाही.

पुढील लक्षणे दिसली तर रात्र असो, पाऊस असो, थांबू नका. जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज; गिळता न येणे, लाळ गळणे; तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज; आडवे झाल्यावर गुदमरणे; सुजेने डोळा झाकणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे; थंडी वाजून ताप, ग्लानी. अशा रुग्णाला आडवे करू नये, बसवूनच न्यावे. १०८ ला फोन करावा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि घाटी रुग्णालय आहे. जालन्यापासून ते अंतर साठेक किलोमीटरचे आहे, आणि ते श्वास चालू असतानाच कापायचे असते.

मधुमेह असेल तर

साखर वाढलेली असली की रक्तातील पांढऱ्या पेशींची जंतूंशी झुंजण्याची ताकद घटते. जंतू आणि साखर एकमेकांना साथ देतात. संसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने संसर्ग फोफावतो. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मराठवाड्याने याचे भयंकर रूप पाहिले. म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले. ही बुरशी माती, कुजलेला पालापाचोळा, हवा यांत नेहमीच असते आणि धडधाकट माणसाला काही करत नाही. पण अनियंत्रित मधुमेह आणि करोनासाठी दिलेली स्टेरॉइड औषधे यांच्या जोडीने तिला वाट मिळाली. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करण्यास राज्यांना सांगितले. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. अनेकांचा वरचा जबडा, काहींचा डोळा काढावा लागला.

त्या काळात कितीतरी रुग्ण पहिल्यांदा दंतवैद्याकडेच आले. कारण तक्रार दाताची होती. वरचे चांगले, न किडलेले दात अचानक हलू लागले. गाल बधिर झाला. टाळूवर काळा डाग दिसला. नाकातून काळपट स्राव आला. करोनाची लाट ओसरली, पण मधुमेह ओसरलेला नाही, आणि ही बुरशी आजही अधूनमधून असे रुग्ण गाठते. मधुमेही व्यक्तीला ही लक्षणे दिसली तर एक दिवसही दवडू नये. आणि दातदुखी घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची साखर मी आता तपासतो.

प्रत्येक सूज दाताची नसते

लहान मुलाचे दोन्ही कानांखालचे गाल फुगले, ताप आला, तर ते गालगुंड असू शकते. ते विषाणूमुळे होते, त्याला प्रतिजैविकांचा उपयोग नाही. जेवायला बसले की जबड्याखाली फुगते आणि नंतर ओसरते, तर लाळेच्या नळीत खडा असण्याचा संभव. मानेत न दुखणाऱ्या गाठी, सोबत वजन घटणे, संध्याकाळचा ताप, तर क्षयरोगाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. जिभेवर, गालात पांढरी, पुसली जाणारी साय येणे ही बुरशी. दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारे, रात्री कवळी तोंडात ठेवून झोपणारे आणि मधुमेही यांच्यात ती आढळते. आणि तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, दुखत नसली तरीही, दाखवलीच पाहिजे. गळ्या-जबड्याला किरणोपचार घ्यायचे असतील तर दातांची कामे आधी करून घ्यावीत. नंतर दात काढला तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो.

दोन गोष्टी मातांसाठी. दुधाचे दात पडणारच, म्हणून त्यांची कीड सोडून देऊ नका. त्यांच्या मुळाशी झालेला पू खालच्या कायमच्या दाताला खराब करतो. आणि सुजलेले मूल खाणे-पिणे सोडते, लवकर मलूल होते, त्याला मोठ्यांइतका वेळ नसतो. दुसरी गोष्ट गरोदर स्त्रियांची. गरोदरपणात दातांचे उपचार करता येतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो, आणि पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नये.

बाकी प्रतिबंध आपल्या हातातला आहे. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइड असलेल्या पेस्टने ब्रश करावा. रात्रीचा अधिक महत्त्वाचा. मिसरी सोडावी, ती दात घासण्याचे साधन नव्हे, तो तंबाखू आहे. वर्षातून एकदा दात तपासून घ्यावेत. छोटी कीड अर्ध्या तासात भरून होते आणि त्याला कापूस वेचणी थांबवावी लागत नाही.

मंठ्याचे ते गृहस्थ आता दर दिवाळीनंतर तपासणीला येतात. गळ्यावरचा व्रण उपरण्याने झाकत नाहीत. गावातील कोणी म्हणाले, "माझी दाढ राहिली," की त्याला घेऊनच येतात. गेल्या खेपेला एका तरुणाला माझ्या खुर्चीत बसवून म्हणाले, "राहिली म्हन्तोय. माझीबी अशीच राहिली व्हती. साहेब, याला गोळ्या देऊ नका."

त्या तरुणाची दाढ मी त्याच दिवशी काढली. तुमचीही एखादी दाढ अशी "राहिली" असेल, तर येत्या आठवडी बाजाराला तालुक्याला याल तेव्हा ती दाखवून जा. आणि सूज आली असेल, तर बाजाराची वाट पाहू नका.